माझगावचे मूळ सांगणाऱ्यांना

माझगावचा, आणि माझगावच्या निमित्ताने साऱ्या मुंबईचा, इतिहास लिहिणाऱ्या, छापणाऱ्या आणि रविवारी सकाळी चालत चालत सांगणाऱ्या सर्व स्नेह्यांना,



मी डॉकयार्ड रोडजवळच्या एका शाळेत एकोणतीस वर्षे इतिहास शिकवला. माझे वडील कणकवलीकडून आले आणि गोदीत फिटर झाले. माझा जन्म इथल्याच चाळीतल्या खोलीत झाला, गोदीच्या भोंग्यावर घड्याळ लावायची सवय असलेल्या घरात. हे सांगते ते एवढ्यासाठी, की तुमच्यासारखे माझगाव पाहायला मी कुठून लांबून आलेली नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी सातवीतला एक मुलगा ‘आपला परिसर’ या प्रकल्पासाठी तीन कात्रणे घेऊन माझ्याकडे आला. एकात लिहिले होते, माझगाव म्हणजे मत्स्यग्राम, माशांचे गाव. दुसऱ्यात होते, माझगाव म्हणजे ‘माझे गाव’. तिसऱ्यात, हे नाव पोर्तुगीजांनी दिले. “बाई, यातलं खरं कुठलं लिहू?” मी घाईत होते. “तिन्ही लिही,” म्हणाले. त्याने तिन्ही लिहिले, त्याला गुणही मिळाले, आणि ती गोष्ट माझ्या मनातून काही जाईना. मुलाने विचारले होते ते ‘खरे कुठले’, आणि शिक्षिकेने सांगितले होते ते ‘सगळे लिही’. निवृत्तीनंतर मी त्याच्या प्रश्नामागे लागले. सात वर्षे झाली. या सात वर्षांत तुमचे बहुतेक लेखन वाचले, तुमच्यापैकी अनेकांबरोबर गल्ल्यांतून हिंडले, आणि आता जे म्हणायचे आहे ते उघडपणे म्हणावे असे ठरवले.

पहिली तक्रार उताऱ्यावरून उतारा काढण्याची. आजचा लेख परवाच्या लेखावरून उतरतो, परवाचा एखाद्या पुस्तकावरून, पुस्तक १९०९-१० च्या मुंबई शहराच्या गॅझेटियरवरून, आणि गॅझेटियर त्याआधीच्या कॅम्बेल यांच्या संकलनाचा आणि डॉ. गर्सन द कून्या यांच्या १९०० सालच्या ग्रंथाचा आधार घेते. द कून्या गोव्याचे, पोर्तुगीज कागद मुळातून वाचणारे. त्यांनी अंदाज केला तिथे तो अंदाज म्हणून केला. त्यांचा ‘असावे’ गॅझेटियरमधून खाली येता येता तुमच्या लेखात ‘आहे’ होतो. मधल्या पायऱ्या कुणी सांगत नाही, त्यामुळे सातवीतल्या मुलाला तीन कात्रणे तीन साक्षीदारांसारखी दिसतात. प्रत्यक्षात ते एकाच आवाजाचे पडसाद असतात.

आंब्याचेच घ्या. माझगावचा आंबा वर्षातून दोनदा फळे आणि तो थेट दिल्लीच्या मोगल दरबारात जाई, हे तुमच्यापैकी प्रत्येकाने लिहिले आहे. ही कथा दूरवर पसरली त्याला एक मोठे कारण म्हणजे टॉमस मूर या आयरिश कवीचे १८१७ सालचे ‘लल्ला रूख’ हे काव्य. मूर हिंदुस्थानात कधी आला नव्हता. त्याने प्रवासवर्णने वाचून आंब्याचा उल्लेख केला, आणि पुढच्या लेखकांनी मूरकडे पुरावा म्हणून बोट दाखवले. कथा सांगू नका असे मी म्हणत नाही. तिचा प्रवास तिच्याबरोबर सांगा. तो प्रवास आंब्याइतकाच गोड आहे.

नावाबद्दलही तसेच. पोर्तुगीज कागदांत आपले गाव ‘माझागांव’ असे येते, आणि मोरोक्कोच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा अगदी याच नावाचा किल्ला होता. १७६९ मध्ये तो त्यांनी सोडला आणि तिथल्या कुटुंबांना ब्राझीलमध्ये नेऊन वसवले. त्या नव्या गावालाही तेच नाव मिळाले. लिस्बनच्या दप्तरखान्याच्या सूचीत हे नाव शोधायला बसले की आधी मोरोक्को येतो, मग ब्राझील, आणि पुष्कळ पाने उलटल्यावर मुंबईचे बेट. नावे एकसारखी दिसली म्हणून ‘पोर्तुगीजांनी दिलेले नाव’ असे लिहून टाकणे सोपे आहे. पण ज्या कोकणात शेकडो ‘-गाव’ आहेत, तिथे शेवटच्या दोन अक्षरांसाठी मोरोक्कोपर्यंत जावे लागत नाही. विनंती इतकीच: मत्स्यग्राम हा तर्क आहे, तर ‘तर्क’ म्हणा. ‘माझे गाव’ ही लोकांची जिव्हाळ्याची समजूत आहे, तर ‘समजूत’ म्हणा. त्या दोन शब्दांनी लेख खाली पडत नाही.

आता ‘दिले’ या क्रियापदाकडे येते, कारण मला सर्वांत जास्त त्रास त्यानेच दिला. ‘१५७२ मध्ये पोर्तुगालच्या राजाने माझगाव बेट सूझा ई लिमा घराण्याला दिले.’ हे वाक्य तुमच्या लेखनात सुरुवातीलाच असते, आणि जणू तिथूनच गाव सुरू होते. पण त्याआधीच, १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून ही बेटे पोर्तुगीजांकडे गेली. सिमाँव बोतेल्यु याने १५५४ मध्ये मुलखाचे महसुली दप्तर रचले. दप्तरात महसूल येतो तो कुणीतरी भरत असल्यामुळेच येतो ना? मासे धरणारे कोळी, माडी काढणारे भंडारी, खाजणात भात पिकवणारे कुणबी, वाडीतले धर्म बदललेले आणि न बदललेले शेजारी, हे सगळे त्या देण्याच्या आधीपासून इथे होते. राजाने दिले ते त्यांच्याकडून वसूल करण्याचा हक्क. गाव दिले असे लिहिले की गाव रिकामे होते असे वाचणाऱ्याला वाटते. पुढे इंग्रज आले तेव्हा माझगावचा धनी म्हणून तावोरा घराण्याचे नाव येते. १६७२ मध्ये गव्हर्नर जेराल्ड आँजिए याने मुंबई बेटावरच्या जमीनधारकांशी वर्षाला २०,००० झेराफिन नाण्यांचा करार केला, आणि पुढची अनेक वर्षे जमिनीचे झगडे त्या कराराचा अर्थ लावत चालले. इतिहास इथे खाचखळग्यांचा आहे, आणि तुम्ही मात्र तो एका ओळीत ओलांडता.

माझगावच्या किल्ल्याची गोष्ट तुम्ही फार रंगवून सांगता. जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाने १६८९ मध्ये शिवडीला माणसे उतरवली, माझगाव घेतले, मुंबईच्या किल्ल्याला वेढा घातला. १६९० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने औरंगजेबाकडे माफी मागून दंड भरला तेव्हाच तो हलला, आणि जाताना माझगावचा किल्ला जाळून गेला. मग १६९२ ची कथा येते: साथीने इंग्रज खिळखिळे झाले असताना सिद्दी पुन्हा आला, आणि रुस्तमजी दोराबजी यांनी कोळ्यांना जमवून त्याला परतवले. त्याबद्दल त्यांना ‘पटेल’ हा किताब मिळाला. पारशी परंपरेने त्यांचे नाव जपले, आणि ते योग्यच झाले. पण तुमच्यापैकी एकाला मी भंडारवाड्याच्या टेकडीवर सर्वांसमोर विचारले, की लढले ते कोळी कुठल्या कोळीवाड्याचे? त्यांनी हसून पुढच्या थांब्याकडे हात केला. उत्तर माहीत नसणे मी समजू शकते. त्या माणसांविषयी प्रश्नच पडू नये, हे मला समजत नाही. त्यांना एकत्रित ‘कोळी’ म्हटले की आपले काम झाले, असे होत आहे. कंपनीच्या कागदांत भंडाऱ्यांच्या तुकड्या येतात, खलाश्यांच्या टोळ्या येतात, होड्यांचे मालक येतात. तिथे शोधले तर गट सापडतात, आणि कधीमधी एखादे नावही.

याच टेकडीवर बेल्व्हिडियर नावाचा बंगला होता. १७७३ मध्ये एलायझा ड्रेपर ही इंग्रज बाई त्या बंगल्याच्या खिडकीतून उतरून नवऱ्यापासून पळाली. इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टर्नने तिला पत्रे लिहिली होती, म्हणून तिचे नाव राहिले. प्रत्येक फेरीत ही खिडकी येते. मला एलायझाविषयी राग नाही. तिच्या काळात नको झालेल्या लग्नातून बाहेर पडायला धैर्य लागत असे. पण त्या खिडकीखाली, टेकडीच्या पायथ्याशी वस्ती होती, आणि त्या वस्तीतले भंडारी ज्यांच्या नावावरून टेकडीला नाव पडले, ते तुमच्या पंचेचाळीस मिनिटांच्या फेरीत एकदाही येत नाहीत. खिडकीला दहा मिनिटे दिलीत तर टेकडीच्या नावाला पाच द्या.

तारखांबद्दल एक जुनी विनवणी. भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चसमोर उभे राहून ‘ही १६३२ ची वास्तू’ असे मी चार वेगवेगळ्या तोंडून ऐकले आहे. १६३२ चे चर्च माझगावात होते. ते १९११ मध्ये पाडले आणि दोन वर्षांत भायखळ्याला नवे उभे राहिले. पॅरिश जुनी, इमारत नवी. हा भेद लहान मुलालाही कळतो, आपण सांगितला तर. आणि जुने चर्च माझगावातून का उचलले गेले, या प्रश्नाने तर एक अख्खी फेरी भरेल, कारण तो प्रश्न विचारला की रस्ते, रेल्वे आणि बंदर यांनी या गावाचे काय केले तेच सांगावे लागते.

आता ज्या गोष्टीसाठी खरे तर हे पत्र लिहायला बसले, तिच्याकडे येते. तुम्ही उभे असता ती जमीन.

माझगाव हे बेट होते, हे सगळे सांगतात. पण आज कुठे उभे राहिले की पाय पाण्यात असते, हे कुणी दाखवत नाही. १७७४ मध्ये इथे एक छोटी कोरडी गोदी झाली. पुढे पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींची दुरुस्ती इथे होऊ लागली, १९३४ मध्ये त्या परंपरेतून गोदीची वेगळी कंपनी नोंदली गेली आणि १९६० मध्ये सरकारने ती घेतली. वडील त्यानंतरच्या काळातले. किनारा या सगळ्या काळात सरकत होता. १८५८ मध्ये एल्फिन्स्टन कंपनी भराव घालायला निघाली, १८७० मध्ये सरकारने तिची मालमत्ता विकत घेतली, १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट उभा राहिला, १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी उघडली, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीदगडातून बॅलार्ड इस्टेट झाली, आणि तिथल्या इमारतींसाठी जॉर्ज विटेट यांचे नाव आपण मुलांना पाठ करायला लावतो. माती ज्यांनी डोक्यावर वाहिली त्यांच्या गावांची यादी कुणी पाठ करत नाही. नवरोजी टेकडीसारख्या टेकड्या फोडून दगड समुद्रात गेला. मुंबई वाढली म्हणताना दुसरीकडे काहीतरी कमी झाले, हे नकाशावर डोळ्यांनी दिसते.

कर्नल लॉटन यांच्या मोजणीचे, १८७२ च्या सुमारास पुरे झालेले नकाशे आणि आजचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहा. मी ट्रेसिंग कागदावर ते केले, कारण संगणकाचे मला जमत नाही. त्या कागदावर गोदीकडची आमची चाळ पाण्याला इतकी लागून आहे की मला दोन रात्री झोप आली नाही. मुलाच्या मूळ प्रश्नाला हेच माझे अर्धे उत्तर होते. तुमच्या प्रत्येक लेखासोबत एक साधी रेघ हवी: इथवर समुद्र होता. चित्र नसेल तर दोन वाक्ये लिहा. त्याशिवाय ‘बंदर’ हा शब्द वाचकाला समजत नाही. चिंचबंदर, मस्जिदबंदर या नावांतले बंदर आता मोटारींच्या गर्दीत आहे.

नावे जागेपासून कशी सरकतात ते भाऊच्या धक्क्यावर पाहा. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, लोकांचे भाऊ रसूल, यांनी कंपनीच्या काळात किनाऱ्यावर भर घालून धक्का बांधला. तो धक्का आजच्या जागी नव्हता. भराव पुढे गेला तसे नावही बोटींबरोबर इकडे माझगावकडे आले. आज रेवसची लाँच पकडणारा माणूस भाऊंचे नाव घेतो आणि भाऊंच्या धक्क्यावर उभा असत नाही. एका मराठी कंत्राटदाराचे नाव साहेबांच्या नावांतून टिकले, ही गोष्ट रस्त्यावर उभे राहून सांगावी अशी आहे. तिला तुमच्या लेखनात सहसा एक कंस मिळतो.

दुसरी मोठी तक्रार कागदांची. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये निघाले, आचार्य आणि शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ १८८९ मध्ये. ही पुस्तके मराठीत आहेत. तुमच्यापैकी मराठी माध्यमातून शिकलेले लेखकसुद्धा माडगावकरांचा दाखला इंग्रजी अनुवादातून देतात, आणि मग तो पुन्हा मराठीत उलटवतात. मूळ पुस्तक ग्रंथालयात आहे, छापील आहे, वाचता येते. मोडीचे मी अधिक नम्रतेने म्हणते, कारण मी स्वतः साठाव्या वर्षी ती शिकले आणि अजून अडखळते. १७३९ मध्ये वसई मराठ्यांकडे आली, खाडीपलीकडे मराठी ठाणी बसली आणि मुंबईचे इंग्रज घाबरले. त्या काळातला आपला पलीकडचा शेजारी इंग्रजांविषयी, बंदराविषयी, मिठाविषयी आणि गलबतांविषयी काय लिहीत होता ते पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीत पडून आहे. पणजीच्या पुराभिलेखात १५९५ पासूनची दप्तर जपण्याची परंपरा आहे, दियोगु दु कोतु या इतिहासकाराने सुरू केलेली. तिथे पोर्तुगीज. एकट्या माणसाला मोडी, पोर्तुगीज आणि इंग्रजी तिन्ही जमणे कठीण. म्हणून आपण एकमेकांना मदत करायला हवी. आणि इथेच माझा एक अनुभव सांगते.

एका अभ्यासकाने एका लेखात माझगावच्या एका जमिनीच्या सनदेचा उल्लेख केला होता. मी पत्र लिहून विचारले, कुठल्या दप्तरात, कुठल्या पानावर? उत्तर आले की ‘ते माझ्या आगामी पुस्तकात येईल’. सहा वर्षे झाली. पुस्तक आलेले नाही, सनदही मला सापडलेली नाही. नाव मी घेणार नाही, कारण असे वागणारे ते एकटे नाहीत. पण मी विचारते, ज्या वस्तीची ती सनद, त्या वस्तीतल्या बाईला ती पाहण्याचा हक्क नाही का? दप्तराचा क्रमांक म्हणजे शोधाची चोरी नव्हे. तो सांगितला की दुसरा कुणी जाऊन तपासेल, चूक असेल तर दुरुस्त करेल. लेखाच्या तळाशी चार ओळी मावतात. जाहिरातीला जागा मिळते तर त्यांनाही मिळेल.

ज्यांच्याकडे कागद नाहीत अशांकडेही जा, आणि आत्ताच जा. माथारपाखाडीतली ईस्ट इंडियन घरे बघायला येता, फोटो काढता, लाकडी जिन्याची तारीफ करता. त्या घरांतल्या आजीबाईंना मराठीत प्रश्न विचारा. त्यांची मराठी ऐकून तुम्हाला बेटाचे जुने शब्द सापडतील. काका बाप्टिस्टा त्याच पाखाडीत १८६४ मध्ये जन्मले, टिळकांचे सहकारी, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. टेकडीवरच्या बागेला त्यांचे नाव आहे, आणि बागेत फिरणाऱ्या मुलांना ते कोण हे माहीत नसते. नवाब टँकजवळ चिनी खलाश्यांनी १९१९ मध्ये बांधलेले देऊळ आजही आहे. हसनाबादची कबर आगाखानांची. गोदीने माणसे जगभरातून आणली, आणि त्यातली काही इथेच राहिली. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज फुटले, आणि मृतांचे आकडे आजही वेगवेगळे दिले जातात. रोजंदारीची माणसे कुणाच्या यादीत होती, हे घराघरांत विचारल्याशिवाय कळणार नाही. आता पूर्व किनारा पुन्हा आखायची चर्चा चालू आहे. जमिनी मोकळ्या होतील, वखारी पडतील, माणसे हलतील. त्याआधी आजीबाई बोलल्या पाहिजेत. या कामात मला तुमचा राग नाही, तुमची घाई हवी आहे.

एक शेवटची गोष्ट सांगते, कारण ती सापडली तेव्हा मला त्या मुलाला फोन करून सांगावेसे वाटले. प्रिन्सेस गोदी खणताना चिखलाखाली खैराची शेकडो झाडे सापडली, त्यातली बरीचशी मुळांवर उभी. समुद्राखाली जंगल होते. पुढे अलेक्झांड्रा गोदी खणतानाही तसेच बुंधे मिळाले. गोदीच्या भरावाच्या, होडीच्या, किल्ल्याच्या आधी इथे खैर होता, आणि त्याच्याही आधी कोणी फिरत असेल. तो मुलगा आता बंदरातच एका क्रेनवर काम करतो. मी सांगितल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “बाई, तेव्हा तुम्ही तिन्ही लिही म्हणाला होतात. चौथं पण होतं की.”

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता मी बाप्टिस्टा बागेत, टेकडीच्या पूर्वेच्या कठड्यापाशी असेन. खालचे रूळ, गोदीच्या क्रेन आणि खाडी तिथून दिसतात. लॉटनच्या नकाशावरून काढलेला ट्रेसिंग कागद मी घेऊन येईन, आणि मला मिळालेल्या सगळ्या दप्तरांच्या क्रमांकांची वहीही. तुम्ही तुमच्या वह्या आणा. मी कुठे चुकले असे ज्यांना वाटते त्यांनी तिथेच दाखवावे, मी खोडून दुरुस्त करीन. ज्यांना मोडी येते त्यांनी जरा लवकर यावे, माझ्याकडे दोन पाने वाचायची राहिली आहेत.

आपली स्नेहांकित,
एक माझगावकर शिक्षिका
माझगाव, मुंबई ४०००१०